नावाला भुलू नका, पाया बघा : कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचे ऐच्छिक विषय कसे निवडावेत?

"सर, फॉर्म उद्या संध्याकाळपर्यंत भरायचाय. एआय घेऊ का ब्लॉकचेन?"

असा फोन आम्हाला दरवर्षी येतो. आम्ही शाळेत शिकवणारे, इंजिनिअर नव्हे. पण आमच्या हाताखालून गेलेली मुलं-मुली आज सांगलीच्या वालचंदमध्ये, कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत, साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजात, राजारामनगरच्या आरआयटीत शिकत आहेत. बहुतेकांच्या घरात इंजिनिअरिंगला गेलेलं ते पहिलंच लेकरू असतं. घरात विचारायला कोणी नाही, म्हणून जुन्या सरांना फोन. त्यामुळे या विषयाची माहिती आम्हालाच करून घ्यावी लागली. ती सगळ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेख.

आमची एक विद्यार्थिनी. वडिलांचं गॅरेज, फी भरण्यासाठी कर्ज काढलेलं. तिसऱ्या वर्षी सगळ्या मैत्रिणींनी मशीन लर्निंग घेतलं, म्हणून तिनेही घेतलं. दुसऱ्या वर्षाचं गणित मात्र कसंबसं सुटलेलं. तयार प्रोग्राम चालवून प्रोजेक्ट पूर्ण झाला, मार्कही मिळाले. मुलाखतीत विचारलं, "तुमचं मॉडेल चुकतं कुठे, आणि का?" उत्तर आलं नाही. मग डेटाबेसचा साधा प्रश्न विचारला, तोही अडला. पुढचे सहा महिने पोरगी घरी बसून डेटाबेस आणि नेटवर्क पुन्हा शिकली. नंतर पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी लागली. ती आता आम्हाला म्हणते, "सर, विषय वाईट नव्हता. मी त्याच्या पायऱ्या न चढताच वर गेले होते."

ऐच्छिक विषय तीन प्रकारचे

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी साधारण १६० ते १७६ क्रेडिटची असते. त्यातले बरेच विषय सक्तीचे असतात. निवड करायची ती तीन ठिकाणी. एक, आपल्याच शाखेतले ऐच्छिक विषय : मशीन लर्निंग, क्लाऊड, सायबर सुरक्षा वगैरे. दोन, ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे शाखेबाहेरचे विषय. तीन, मल्टिडिसिप्लिनरी मायनर. यात दुसऱ्या एखाद्या शाखेचे विषय काही सत्रं सलग शिकायचे असतात. हा तिसरा प्रकार मुलं सगळ्यात कमी विचार करून निवडतात. खरं तर तो एकदा घेतला की दोन-तीन वर्षं सोबत राहतो.

कोणत्या विषयाला कोणता पाया लागतो?

मशीन लर्निंगला मॅट्रिक्स, संभाव्यता आणि संख्याशास्त्र लागतं. हे कच्चं असेल तर आधी ओपन इलेक्टिव्हमध्ये संख्याशास्त्र मिळतंय का बघा. क्लाऊड आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमसाठी ऑपरेटिंग सिस्टिम व नेटवर्क पक्कं हवं. क्लाऊड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या इमारतीतले संगणक नेटवर्कवरून वापरणं. क्रिप्टोग्राफीच्या मुळाशी अंकशास्त्र आहे : मूळ संख्या, भागाकाराची बाकी. ब्लॉकचेनही त्याच्याच आधारावर उभं आहे. एम्बेडेड आणि आयओटीसाठी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि सी भाषा पाहिजे. हार्डवेअरमध्ये हात घालायला आवडत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा मायनर याला चांगला जोडला जातो.

आता गेट परीक्षेकडे बघा. कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात १०० पैकी १५ गुण सामान्य क्षमतेला, १३ गणिताला आणि ७२ मूळ विषयांना : डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर वगैरे. क्लाऊड आणि ब्लॉकचेन नावाचे भाग त्यात नाहीत. डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर २०२४ पासून सुरू झाला, पण त्यातही संभाव्यता, मॅट्रिक्स, प्रोग्रामिंग आणि डेटाबेस आहेतच. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांच्या परीक्षेतही हेच मूळ विषय पुन्हापुन्हा येतात. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, दोन ऐच्छिक विषय घ्यायचे असतील तर एक पाया भक्कम करणारा घ्या, एक आवडीचा.

आपल्या दोन भाषांचं भांडवल

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची भीती असते. ती आम्ही रोज बघतो. पण त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी इतरांकडे नाही. उजवीकडून लिहिली जाणारी नस्तालिक आणि डावीकडून लिहिली जाणारी देवनागरी, दोन्ही त्यांना येतात. नस्तालिकमध्ये अक्षर शब्दात कुठे आलं त्यावर त्याचा आकार बदलतो, म्हणून छापील उर्दू संगणकाला वाचायला लावणं अवघड जातं. केंद्र सरकारचा भाषिणी हा उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. तो भारतीय भाषांमधल्या अनुवादाचंच काम करतो, आणि त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. ज्यांचं गणित बरं आहे, त्यांनी नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग या विषयाचा जरूर विचार करावा. प्रोजेक्टसाठी विषय शोधायला लांब जावं लागणार नाही.

फॉर्म भरण्याआधी

१. विषयाचं नुसतं नाव वाचू नका. कॉलेजच्या वेबसाइटवरून पूर्ण अभ्यासक्रम उतरवून घ्या.

२. त्या विषयाआधी काय यायला हवं ते बघा आणि त्यात आपले मार्क किती होते ते प्रामाणिकपणे तपासा.

३. विषय कोण शिकवणार, त्याची लॅब चालू आहे का, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. त्यांनी त्यात स्वतः काय बनवलं तेही विचारा.

४. पुरेशी मुलं नसतील तर विषय सुरूच होत नाही. दुसरा पर्याय कसातरी लिहू नका.

५. हवा तो विषय कॉलेजात नसेल तर स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत शिकता येतात. परीक्षेची मात्र फी असते. त्याचे क्रेडिट कॉलेज धरतं का, हे आधी विभागात विचारून घ्या.

मिरज किंवा कराडच्या पॉलिटेक्निकमधून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित तुमचं राहून जातं. प्रवेश झाला की सुट्टीत तेवढं भरून काढा, मगच ऐच्छिक विषयांचा विचार करा.

आणि दहावी-अकरावीच्या पालकांना एक विनंती. "पोरीला कॉम्प्युटर करायचंय, गणित जड जातंय, सोडून देऊ का?" असं विचारू नका. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताला आहेत. इंजिनिअरिंगचं दारच तिथून उघडतं. गणित जड जात असेल तर आत्ताच आमच्याकडे या. शाळा सुटल्यावर अर्धा तास बसू. तिसऱ्या वर्षी फॉर्मच्या आदल्या रात्री फोन करण्यापेक्षा ते सोपं आहे.