तिरकं चाक

कुंभाराचं चाक म्हटलं की आपल्यापुढे आडवी फिरणारी थाळी येते आणि तिच्यापाशी उकिडवा बसलेला पुरुष. कुंभारणीने माती मळायची, भांडी रंगवायची, बाजारात बसायचं. चाकाला तिचा हात सहसा लागत नाही. पण इंडोनेशियात, मध्य जावातल्या क्लाटेन जिल्ह्यात, बायातजवळच्या मेलिकान गावी, चाकावर बाई बसते. आणि ते चाक तिरकं असतं.

‘पुतारान मिरिंग’ म्हणतात त्याला, म्हणजे कललेलं फिरणं. कारण विचारलं तर पेहरावाकडे बोट दाखवतात. जावातली बाई कमरेला घट्ट गुंडाळायची ते जारिक; ते नेसून चाकाच्या दोन बाजूंना पाय टाकून बसता येत नाही. मग ती स्कूटरवर मागे बसावं तशी एका अंगाने बसते, पायाने चाकाला गती देते, आणि थाळीच कललेली असल्याने तिला आपलं अंग वाकडं करावं लागत नाही. मला हे कारण पटतं, पण अर्धंच. कललेल्या थाळीवर उंच भांडं स्वतःच्या वजनाने झुकणार. लहान वाट्या, कुप्या मात्र झपाझप उतरतात. अवजार नेसणीला जुळलं तसंच मालालाही जुळलं असणार.

क्योटोच्या सेइका विद्यापीठातले सिरॅमिकचे प्राध्यापक चितारू कावासाकी यांनी या चाकाचा अभ्यास केला, ते टिकावं म्हणून खटपट केली. खेड्यातल्या कारागिराकडे जाणारा डिझायनर बहुधा नवी झिलई, नवे आकार घेऊन जातो आणि चार ऑर्डरी मिळवून देतो. वाईट नाही ते. पण इथे आकार दुय्यम होते. जपायची होती ती बैठक, पायाची लय, मनगटाचा कोन. ते कागदावर उतरत नाही, शेजारी बसूनच शिकावं लागतं.

27 मे 2006 च्या भूकंपात योग्याकार्ता आणि क्लाटेनच्या पट्ट्यात साडेपाच हजारांवर माणसं गेली. त्यानंतर बायातमध्ये देणगीतून व्यवसाय-शिक्षणाची शाळा उभी राहिली, तिच्यात सिरॅमिकचा विभागही आहे, म्हणजे शिकायला एक जागा आहे.

पण जारिक आता रोज कोण नेसतं? पँट घातलेल्या मुलीला एका अंगाने बसायची गरजच नाही. मूळ कारण गेलं तरी हातातलं कसब वेगळंच राहतं: सपाट चाकावर हात बसलेल्या माणसाला इथे मातीचा मध्य पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागतो.