बाटलीत मुरणारी बिअर

वाळूजच्या कारखान्यांतली बिअर साधारणपणे तयार होऊनच बाटलीत जाते. ती गाळलेली असते आणि फेसासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड दाबाने तिच्यात मिसळलेला असतो. घरी केलेल्या बिअरच्या बाटलीत मात्र यीस्ट जिवंत असते आणि शेवटचे काम तेच करते. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय बिअर करता येत नाही. ब्रिटनने १९६३ साली घरगुती बिअरसाठी परवान्याची अट काढली, तर अमेरिकेत १९७८च्या कायद्याने वाट मोकळी केली. या दोन्ही देशांत हा छंद अनेक घरांत पोचला आहे.

आंबवणे संपले की लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालून बाटल्यांना बूच लावतात. यीस्ट ती साखर खाते आणि वायू आतच कोंडला जातो. वीस-बावीस अंशांत याला सुमारे दोन आठवडे लागतात. पाचव्या दिवशी बाटली उघडली तर 'फस्स' आवाज येतो, पण फेस टिकत नाही, कारण वायू अजून बुचाखालच्या रिकाम्या जागेतच असतो. तो बिअरमध्ये विरघळायला वेळ लागतो. साखर जास्त झाली किंवा आंबवणे अर्धवट राहिले तर बाटली फुटून काचा उडतात. म्हणूनच घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस तोच राहिल्याशिवाय बूच लावू नये.

पहिल्या आठवड्यातल्या घोटाला बऱ्याचदा हिरव्या सफरचंदाचा वास येतो. तो ॲसिटाल्डिहाइडचा. यीस्टला वेळ मिळाला की ते त्याचे अल्कोहोल करून टाकते. लोण्याचा वास डायअॅसिटिलचा. लिटरमध्ये मिलिग्रॅमचा दहावा भाग असला तरी नाकाला कळतो. यीस्ट तोही परत शोषून घेते, पण त्यासाठी ऊब लागते. घाईने फ्रिजमध्ये गेलेली बाटली हा दोष तसाच जपून ठेवते.

बाकीच्या दोषांवर मुरवणे हा इलाज नाही. मक्याची कणसे उकडताना पातेल्याचे झाकण काढले की जो गोडसर वास येतो, तो मुख्यतः डायमिथाइल सल्फाइडचा. बिअरला तोच वास आला तर माल्टचा काढा बहुधा झाकण ठेवून उकळला असे समजावे, कारण हा वायू वाफेबरोबरच निघून जातो. ब्लीचिंग पावडर टाकलेले नळाचे पाणी तसेच वापरले तर बिअरला दवाखान्याचा वास लागतो. मे महिन्यातल्या चाळिशीच्या उन्हाळ्यात गार जागेशिवाय आंबवलेली बिअर घशाला जाळते, आणि ती जळजळ सहसा जात नाही. जंतू शिरून आलेला आंबटपणाही राहतोच. बाटली भरताना हवा मिसळली असेल तर काळ उलटा शत्रू होतो; महिन्या-दोन महिन्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव उतरते. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून ऊन लागले की हॉप्समधले घटक बिघडून उग्र दर्प येतो. तपकिरी काच त्यापासून बऱ्यापैकी वाचवते.

हलकी बिअर तीन-चार आठवड्यांत पिण्याजोगी होते, कडक बिअरला सहा महिनेही लागतात. हॉप्सचा सुगंध हवा असेल तर वायू मुरताच ती संपवावी. दर आठवड्याला एक बाटली उघडून वास-चव वहीत टिपून ठेवणे हा उत्तम मार्ग. ओतताना बाटली हळूच तिरकी करावी आणि तळाचा यीस्टचा थर बाटलीतच राहू द्यावा.