तिकडं रोजच खंडेनवमी

खंडेनवमीला आपल्या घरात काय काय मांडलं जातं? विळा, खुरपं, कुऱ्हाड, कोयता आणि असलीच तर शिलाई मशीन. सगळं धुऊन-पुसून, तेलाचा हात फिरवून, वर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. वर्षभर राबणाऱ्या या वस्तूंना तेवढा एक दिवस विसावा.

बीड जिल्ह्यातलं श्रीक्षेत्र नारायणगड म्हणजे भाविकांची धाकटी पंढरी. गडावर दर्शन घेऊन परतताना एका अंगणात पाणी प्यायला थांबले, तेव्हा तिथे हीच तयारी चालली होती. दसरा-दिवाळी झाली की या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात, त्यामुळे कोयत्याची निगा जरा जास्तच. घरातल्या मावशी पात्यावर तेलाची चिंधी फिरवत होत्या.

"तेल न्हाई लावलं तर गंज चढतो, अन् लई लावलं तर मूठच हातातून निसटती," त्या म्हणाल्या. मग हसून पुढे म्हणाल्या, "धाकला फौजेत हाय माझा. त्यो म्हनतो, आई, तुमची खंडेनवमी वर्साला एकदा, आमची तिकडं रोजच. रोज बंदूक पुसायची, तेल लावायचं."

आणि मग हातातली चिंधी तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "पर ऐन टायमाला ती अडकली तर काय करायचं ओ बाई?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी मला देता आलं नाही. म्हणूनच हा लेख.

चिंधी आणि तेलाचा थेंब

आजची रायफल म्हणजे एक छोटं यंत्रच. काडतुसातली दारू पेटली की तिचा वायू गोळीला पुढे ढकलतो. त्यातलाच थोडा वायू आतला दट्ट्या मागे सारतो. त्यासरशी रिकामी पुंगळी बाहेर उडते, मागची स्प्रिंग दाबली जाते आणि परत येताना ती मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत सरकवते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण दारू जळाली की काजळी धरणारच! चुलीवरच्या भांड्याला धरते तशीच. ती साचली की भाग एकमेकांवर घासतात, पुंगळी अडकते आणि बंदूक मुकी होते.

म्हणून दोरीला चिंधी बांधून ती नळीतून ओढायची, काजळी काढायची आणि मग तेलाचा पातळ हात फिरवायचा. फौजेतही त्या कापडाच्या तुकड्याला 'चिंदी'च म्हणतात बरं का! तेल घर्षण कमी करतं, गंज रोखतं आणि काजळी घट्ट बसू देत नाही.

मग भरपूर तेल घातलं तर? शिलाई मशीन चालवणारीला याचं उत्तर ठाऊक आहे. जास्त तेल झालं की त्यावर कापडाचा भुसा चिकटतो आणि मशीन जड चालते. राजस्थानच्या वाळवंटात तेलावर वाळू बसली की तिचा खरखरीत लेप होतो आणि तोच यंत्राला खातो. उलट सियाचीनसारख्या ठिकाणी पारा उणे 40 अंशांच्याही खाली जातो. थंडीच्या दिवसांत आपली खोबरेल तेलाची बाटली थिजते, ती उन्हात ठेवावी लागते. तसंच चुकीचं तेल तिथे बंदुकीत घट्ट होतं. 1941 च्या हिवाळ्यात रशियात शिरलेल्या जर्मन फौजेची हीच गत झाली होती. म्हणून प्रदेशाप्रमाणे तेल बदलतं आणि त्याचं प्रमाणही.

तेलावरून तर आपल्याकडे इतिहास घडलाय. 1857 सालच्या एनफिल्ड काडतुसांची चरबी आपण शाळेत शिकलो. पण ती चरबी लावायचीच कशाला, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या बंदुकीत गोळी पुढून, नळीच्या तोंडातून ठासावी लागे. ती सहज आत सरकावी आणि नळीत काजळी धरू नये, म्हणून कागदी काडतुसाला वंगण. ते गाईचं-डुकराचं असल्याची कुणकुण शिपायांना लागली आणि भडका उडाला. यंत्राला वंगण हवं हे साहेबाला कळत होतं. पण ज्याच्या हाती ती बंदूक द्यायची, त्याचं म्हणणं वेळेवर ऐकावं, हे मात्र कळलं नाही.

दोष कुणाचा?

बंदूक अडकली की पहिला प्रश्न येतो, "साफ केली नव्हतीस का?" घरात काहीही बिघडलं की आधी आपल्याकडेच बघतात, तसंच हे.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेनं जवानांना एम-16 ही नवी रायफल दिली. तिला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला होता. सफाईचं साहित्यही पुरेसं दिलं गेलं नाही. त्यात काडतुसातली दारू बदलली, काजळी वाढली आणि रायफली ऐन चकमकीत अडकू लागल्या. मेलेल्या जवानाशेजारी त्याची उघडून ठेवलेली रायफल सापडायची. बिचारा शेवटच्या क्षणापर्यंत ती दुरुस्त करत असायचा. वरून मात्र ठपका यायचा की पोरं बंदुका साफ ठेवत नाहीत.

मुलांनी घरी पत्रं लिहिली. आईवडिलांनी बंदुकीच्या तेलाच्या बाटल्या टपालानं पाठवल्या! आपण लाडू-चिवड्याचं पार्सल करतो ना, तसं. त्यातलं एक पत्र थेट अमेरिकी संसदेत पोचलं, 1967 साली चौकशी झाली आणि दारूतला बदल, अपुरं साहित्य हे सगळं उजेडात आलं. पुढे काडतूस बसतं त्या भागाला क्रोमचा मुलामा दिला, सफाईची पाकिटं दिली आणि विल आयस्नर या चित्रकाराकडून सचित्र पुस्तिका काढून घेतली. त्यात रायफल म्हणजे एक तरुणी दाखवलीय, तिची नीट काळजी घ्या म्हणून! इथेही बाईच आठवली.

आपल्याकडची इन्सास रायफल पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संस्थेत आकाराला आली. 1999 च्या कारगिल युद्धात ती जवानांच्या हाती होती. कडाक्याच्या थंडीत मॅगझिन तडकतं, रायफल अडकते, गोळी झाडताना तेलाचे शिंतोडे डोळ्यात उडतात, अशा तक्रारी आल्या. फोडणीचा एक शिंतोडा उडाला तरी आपण डोळे मिटतो. समोर शत्रू असताना काय होत असेल? नंतर रायफलीत सुधारणा झाल्या. 2005 मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात 43 सैनिक मारले गेले, तेव्हा नेपाळी लष्करानं इन्सासला दोष दिला. रायफल नीट हाताळली-सांभाळली गेली नसावी, असा भारताच्या बाजूचा सूर होता. आता आपल्या सैन्यात तिच्या जागी टप्प्याटप्प्यानं नव्या रायफली येत आहेत.

हा प्रश्न आता फक्त मुलांच्या आयांचा नाही. 23 मार्च 2003 ला इराकमधल्या नासिरिया इथे जेसिका लिंच ही अमेरिकी सैनिक तुकडीसह वाट चुकून हल्ल्यात सापडली. जखमी होऊन ती शत्रूच्या हाती पडली. ती गोळ्या झाडत शेवटपर्यंत लढली, अशा बातम्या छापून आल्या. पण सुटून आल्यावर तिनं स्वतःच सांगितलं की माझी रायफल अडकली होती, मी एकही गोळी झाडली नाही. खोटा मोठेपणा तिनं नाकारला. त्या तुकडीच्या रायफली अडकल्या त्या वाळवंटात सफाई कमी पडल्यानं असाव्यात, असं लष्करी अहवालात म्हटलं होतं. खडकवासल्याच्या एनडीएतून मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. उद्या आपल्या लेकींच्या हातीही हीच जबाबदारी असणार आहे.

मावशींना काय सांगू?

मावशी, तुमच्या लेकाला पहिला धडा तुमच्याच अंगणात मिळालाय. तेल हवं, पण बेतानं, आणि सफाई रोज, कंटाळा न करता. बराचसा धोका तिथेच टळतो. बंदूक अडकली तर मॅगझिन ठोकून बघायचं, बोल्ट मागे ओढून अडकलेलं काडतूस बाहेर काढायचं आणि पुन्हा नेम धरायचा. डोळे मिटूनही जमेल इतक्या वेळा हे त्याच्याकडून करून घेतात.

पण सगळंच चिंधीनं निभत नाही. कोयत्याचं पोलादच हलकं असेल, तर कितीही धार लावा, तो दगा देणारच. तेव्हा लेकाचा फोन आला की "जेवलास का?" जरूर विचारा. त्याबरोबर "हत्यार बरं चालतंय का रं?" हेही विचारा. आणि तो "न्हाई" म्हणाला, तर त्याच्यावर लगेच कामचुकारपणाचा शिक्का मारू नका. व्हिएतनामच्या वेळी आईवडिलांनी मुलांच्या पत्रांवर विश्वास ठेवला, म्हणून तर खरं काय ते बाहेर आलं.