जॅझ शोधायचा तर वादकांची नावं वाचा

जॅझ म्हणजे मुंबईच्या बड्या हॉटेलांतलं संगीत, नगर जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. संबंध आहे, आणि तो जुना आहे. चांगदेवांच्या समाधीसाठी आपण ज्या पुणतांब्याला जातो, त्याच पुणतांब्यात १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. म्हणजे आपले संगीतकार सी. रामचंद्र. त्यांचा ‘अलबेला’ १९५१ चा, ‘आशा’ १९५७ चा. ‘ईना मीना डीका’ कुणाला माहीत नाही? त्यातला झुलता ठेका, ती फुंकवाद्यं, हे सगळं जॅझ बँडच्या घरातून आलेलं आहे.

आता प्रश्न असा, की हे वाजवलं कुणी? त्या काळी मुंबईत गोव्याचे अनेक वादक होते. रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचा आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं संगीत, असा त्यांचा दिनक्रम. चिक चॉकलेट या नावानं गाजलेले ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी काम केलं, ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसतात. पण गाण्याच्या तबकडीवर छापलं जायचं ते चित्रपटाचं, गायकाचं, संगीतकाराचं नाव. वादकांचं नाही. म्हणून आपण जॅझ ऐकत वाढलो आणि आपल्याला ते कळलंच नाही.

जॅझच्या रेकॉर्डवर मात्र सहसा प्रत्येक वादकाचं नाव असतं. नवा जॅझ शोधायचा, तर हीच आपली वाट. फोनवर ऐकताना फक्त मुख्य कलाकार दिसतो, पण बऱ्याच अ‍ॅपमध्ये ‘क्रेडिट्स’ असतात, ते उघडायचे. तिथे नसतील तर रेकॉर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर पाहायचं.

एक उदाहरण घेऊ. तबला आपल्या ओळखीचा, म्हणून तिथून सुरुवात. अमेरिकेतले पियानोवादक विजय अय्यर यांचा ‘तीर्थ’ हा २०११ चा अल्बम. गिटारवर प्रसन्ना, तबल्यावर नितीन मित्ता. पियानो आवडला? मग अय्यर यांचाच २०२१ चा ‘अनईझी’ लावा. तिथे ड्रम्सवर टायशॉन सोरी आणि बासवर लिंडा मे हान ओह. ओह यांचा बास कानात राहिला, तर गिटारवादक पॅट मेथेनी यांच्या २०२० च्या ‘फ्रॉम धिस प्लेस’मध्ये त्याच भेटतात. बघा, तीन अल्बम झाले आणि कुणाला विचारावं लागलं नाही.

मघाशी एकांनी विचारलं, “यात सम कुठे असते?” प्रश्न चांगला आहे. बारा मापांचा ब्लूज हा जॅझमधला नेहमीचा साचा घ्या. एका मापात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन समजा. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात. मग एकेक जण त्याच आवर्तनावर आपलं म्हणणं मांडतो, आणि शेवटी धून परत येते. फरक एवढाच, की आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज कायम असतो आणि इथे खालची स्वरसंगती बदलत राहते. म्हणून बास धरा. बास सापडला की आवर्तन सापडतं.

हे रेकॉर्डवर जमलं की समोर बसून ऐका. आपल्यापासून जवळ म्हणजे मुंबई. १९७८ साली तिथे ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स येऊन वाजवून गेले. आज नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत जॅझचे कार्यक्रम होतात. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, त्या सुमाराला जाहिरातींवर जरा लक्ष ठेवा. जाहिरातीत फक्त बँडचं नाव असेल तर वादक कोण ते शोधा, त्यांचं एखादं रेकॉर्डिंग ऐकून मगच निघा. मुंबईला जाऊन यायचं म्हणजे रात्रीचा प्रवास आणि खर्च दोन्ही आले, ते सार्थकी लागायला हवेत.

तिथे ड्रमरचे हात दिसतील अशी जागा धरा. आपण समेवर दाद देतो, तिथे एकाचं वादन संपलं की टाळ्या पडतात, धून चालू असली तरी. बिनधास्त वाजवा. आणि बँडप्रमुख वादकांची ओळख करून देईल, तेव्हा नावं लिहून घ्या. पुढचं रेकॉर्डिंग त्यातूनच मिळेल.