खांद्यावर घेतले, पाण्यावर अडवले

भोरहून महाडला जाणारा रस्ता हिर्डोशीवरून पुढे वरंधा घाट उतरतो. २० मार्चला चवदार तळ्याकडे निघालेल्या घाटावरच्या भीमसैनिकांना हा रस्ता जवळचा. वाटेत घोषणा देऊन देऊन घसे बसतात. जयजयकार करण्यात गैर काही नाही. पण जयजयकाराने काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला आहे. तो आपण वाचला पाहिजे.

१९२३ साल घ्या. मुंबईत चौरंगी क्रिकेट सामने भरत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ. संघ धर्माचे आणि प्रेक्षकांच्या आरोळ्याही धर्माच्याच. त्या वर्षी हिंदू संघाचा कप्तान होता चर्मकार समाजातला पालवणकर विठ्ठल. हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि गर्दी बेभान झाली. सवर्ण हिंदूंनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतले. जातीचा विसर पडला म्हणून एका वाचकाने वृत्तपत्राला पत्र लिहून आनंद व्यक्त केला.

पण हे कप्तानपद कोणी प्रेमाने दिले नव्हते. विठ्ठलचा थोरला भाऊ बाळू हा त्या काळातला हिंदुस्थानचा नामांकित गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. याच बाळूला पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! बाळूने टाकलेला चेंडू चालत होता, त्याच्या हातचा कप चालत नव्हता. हिंदू संघाचे कप्तानपद त्याला रीतसर कधीच मिळाले नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी खेळायला नकार देऊन या अन्यायाचा निषेध केला. त्यानंतर तीन वर्षांनी दार उघडले. म्हणजे कप्तानपदसुद्धा टाळ्यांनी मिळाले नाही, नकाराने मिळाले.

त्याच १९२३ च्या ४ ऑगस्टला मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. हिर्डोशी तर भोर संस्थानात, पंतसचिवांच्या मुलखात. मुंबईच्या ठरावाचा तिथे अंमलच नव्हता!

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, हजारो लोकांनी घेतले. त्यावर हिंदू समाजाने कोणाला खांद्यावर घेतले? वीरेश्वराच्या मंदिरात अस्पृश्य शिरणार अशी आवई उठवली गेली आणि जेवणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. पुढे तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले. मुंबईची गर्दी वेगळी, महाडची वेगळी, हे खरे. पण नियम एकच दिसतो. विठ्ठल हिंदूंना जिंकून देत होता, म्हणून खांदा मिळाला. महाडला आपली माणसे स्वतःच्या हक्कासाठी उभी राहिली, म्हणून लाठी मिळाली.

तो काळच गर्दीच्या उन्मादाचा होता. पहिले महायुद्ध संपले होते, दुसरे यायचे होते. रोममध्ये आणि पुढे न्यूरेंबर्गमध्ये हजारो हात एकेका माणसासाठी उंचावत होते. महाडला मात्र वेगळेच घडले. डिसेंबर १९२७ मध्ये हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने जमले. २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर जाण्यास दिवाणी न्यायालयाची मनाई होती, तरी लोक जायला उतावीळ होते. त्यांच्या एका 'जय'वर बाबासाहेब वाटेल ते करवून घेऊ शकले असते. त्यांनी उलट लोकांना थांबवले, लढा न्यायालयात नेला. नेत्याच्या सांगण्यावरून स्वतःचा जोश आवरणारी ती माणसे आपले बापजादे होते.

हिशेब १९३७ मध्ये पूर्ण झाला. मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले ते बाळू पालवणकरांनाच. मैदानावरच्या लोकप्रियतेची काँग्रेसला आता मतांसाठी गरज पडली होती. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. बाळूंचा राग धरण्याचे कारण नाही. त्यांना कप्तानपद न देणाऱ्या व्यवस्थेने त्यांचे नाव मात्र वापरले. त्याच वर्षी १७ मार्चला चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली. या दहा वर्षांत तारखा होत्या, कागद होते, वर्गणी होती. टाळ्या नव्हत्या.

आज आपल्या महापुरुषांचा जयजयकार सगळेच पक्ष करतात. मिरवणुकीत येतात, फेटा बांधून घेतात, 'जयभीम' म्हणतात. म्हणू द्या. पण खांद्यावर घेणाऱ्याला एवढेच विचारा, पाणवठ्यावर तुम्ही कुठे उभे होता? आणि स्वतःलाही विचारा, जयंतीच्या डीजेवर नाचणाऱ्या आपल्या वस्तीत, तारीख पडली की कोर्टात हजर राहणारे किती आहेत?

जयभीम!