चांद्याची लाख आणि नाणें घेऊन गाणारें यंत्र

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांस लाख हा पदार्थ अपरिचित नाहीं. बंद केलेल्या पत्रास 'लखोटा' म्हणतात तें त्यावरील लाखेमुळेंच. पत्राची घडी घालून तिच्या तोंडाशीं वितळलेली लाख टाकावयाची व ती ओली आहे तोंच तीवर मुद्रा उठवावयाची, ही रीत सर्वश्रुत आहे. मोर्तब शाईनें कागदावर उठे. परंतु पत्र वाटेंत कोणीं फोडलें नाहीं, ह्याची साक्ष लाख देई. विसाव्या शतकांत ह्याच लाखेनें मनुष्याच्या आवाजाची मुद्रा धारण केली. जुन्या वाड्यांतून दप्तरांच्या रुमालांशेजारीं ज्या काळ्या तबकड्या सांपडतात, त्यांस आकार व काठिण्य देणारा मुख्य घटक लाख होय. दुसऱ्या महायुद्धांत लाखेचा तुटवडा पडला, तेव्हां अमेरिकेंतील नाणें टाकून गाणें ऐकविणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे ज्यूकबॉक्सचा, मोठा व्यापार अडचणींत आला. आणि त्याच तुटवड्यापायीं पुष्कळ जुन्या ध्वनिमुद्रिका कायमच्या नष्ट झाल्या. चांदा जिल्ह्यासारख्या अरण्यप्रदेशाचा ह्या घटनेशीं काय संबंध येतो, व संग्राहकांनीं तीवरून काय बोध घ्यावा, हें प्रस्तुत लेखांत मांडावयाचें आहे.

१. लाखेचा प्रदेश

नागपूरकर भोसल्यांचें राज्य इ. स. १८५४ मध्यें खालसा झालें व १८६१ सालीं मध्यप्रांत बनला. त्या प्रांताच्या दक्षिण टोकास चांदा जिल्हा होता. १९०५ सालीं जमीनदारीचा पुष्कळसा मुलूख एकत्र करून गडचिरोली तहसील करण्यांत आली. पुढें चांद्यास चंद्रपूर हें नांव मिळालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. ज्या काळाविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्या काळीं हा सर्व मुलूख चांदा ह्या एकाच नांवाखालीं मोडत असे.

ह्या वनांत पळस, बोर व कुसुम हीं झाडें आहेत. लाखेचा कीटक ह्याच झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वसतो, रस शोषतो व स्वतःभोंवतीं राळेसारखें कवच तयार करतो. पळस व बोर यांवरील लाखेस रंगिनी व कुसुमावरील लाखेस कुसुमी म्हणतात. प्रत्येक प्रकाराचीं वर्षांत दोन पिकें येतात: रंगिनीचीं कार्तिकी व वैशाखी, कुसुमीचीं अगहनी व जेठवी. फांद्या तोडून लाख खरडावयाची, आणि पुढील पिकासाठीं कांहीं कीटकयुक्त काड्या नव्या फांद्यांस बांधून ठेवावयाच्या, असा हा व्यवसाय आहे. शेतीचें काम नसतां वनवासी कुटुंबांस त्यापासून चार पैसे मिळत.

लाखेची प्राचीनता वाचकांस सांगावयास नकोच. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांत लाक्षेस उद्देशून सूक्त आहे. महाभारतांतील लाक्षागृह सर्वांस ठाऊक आहे. स्त्रियांच्या पायांस लागणारा अळिता लाखेच्या रंगाचाच. लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेरा जातीची माहिती रसेल यानें मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथांत दिली आहे. पूर्वीं लाखेचें मोल मुख्यतः तिच्या तांबड्या रंगासाठीं होतें. १८५६ नंतर कृत्रिम रंग निघाले व तो व्यापार बसला. मग रंग धुवून टाकावयाचा व राळ तेवढी ठेवावयाची, असा उलट क्रम सुरू झाला.

खरडलेली लाख कुटून धुतली कीं तिचे दाणे होतात. हे दाणे कापडाच्या लांब अरुंद पिशवींत भरून कोळशाच्या भट्टीपुढें धरतात व पिशवी पिळतात. गाळून आलेला रस उष्ण नळकांड्यावर पसरून, कारागीर हातापायांनीं व दांतांनीं ताणून त्याचा पातळ पापुद्रा करतो. तो मोडून जे तुकडे होतात, तो चपडा. मध्यप्रांतांत गोंदिया येथें लाखेचे कारखाने होते, आणि गोंदिया-चांदाफोर्ट ह्या लोहमार्गानें चांद्याचा वनप्रदेश त्या गांवाशीं जोडलेला होता. परदेशीं जाणारा चपडा मुख्यतः कलकत्ता बंदरांतून निघे. तेथें निरनिराळ्या प्रांतांचा माल एकत्र होई. यामुळें अमुक तबकडींतील लाख अमुक जंगलाची, असें दाखवितां येत नाहीं. संबंध जोडावयाचा तो सबंध व्यापाराशीं.

२. लाखेवरील ध्वनिमुद्रा

सपाट तबकडीचा जनक एमिल बर्लिनर यानें प्रथम कठीण रबर वापरून पाहिलें. तें समाधानकारक ठरेना, तेव्हां १८९० नंतरच्या दशकांत, बटणें तयार करणाऱ्या एका अमेरिकन कारखान्याच्या साहाय्यानें त्यानें लाखमिश्रित द्रव्य स्वीकारलें. लखोट्यास लाख ज्या गुणामुळें उपयोगी पडते, त्याच गुणामुळें ती येथेंही उपयोगी पडली. ती उष्णतेनें मऊ होते, दाबलेल्या मुद्रेची अत्यंत बारीक रेषाही घेते, आणि निवतांच कठीण होऊन ती रेषा धरून ठेवते. तबकडीच्या मिश्रणांत लाखेचा भाग साधारणपणें चतुर्थांश किंवा त्याहून कमी असे. बाकी दगडाची पूड, काजळी व कापसाचे तंतू.

१९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला व हिंदुस्थानांतील गायकांचें ध्वनिमुद्रण सुरू झालें. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदा येथें कारखाना निघेपर्यंत ग्रामोफोन कंपनीच्या हिंदी तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें छापून येत. म्हणजे येथील लाख समुद्रापार जाई आणि येथल्याच गायकांचा आवाज घेऊन परत येई. त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांत गायक शेवटीं स्वतःचें नांव उच्चारतो. पोथीच्या अखेरीस लेखकाची पुष्पिका असते, तशीच ही बोललेली पुष्पिका समजावी. १९२८ पासून डमडम येथील कारखाना चालू झाला. अब्दुल करीम खाँ व बालगंधर्व यांचें गाणें घरोघरीं पोंचलें तें अशाच लाखेच्या तबकड्यांवरून.

३. नाणें घेणारीं यंत्रें

रेल्वेस्थानकावर नाणें टाकल्यावर वजनाचें तिकीट देणारें यंत्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. ज्यूकबॉक्स हें त्याच कुळांतलें. २३ नोव्हेंबर १८८९ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथील एका मद्यगृहांत लुई ग्लास यानें नाणें टाकून ऐकावयाचा फोनोग्राफ मांडला, तो ह्या यंत्रांचा आरंभ. १९२७ नंतर विजेच्या साहाय्यानें मोठा आवाज देणारीं व अनेक तबकड्यांतून हवी ती निवडूं देणारीं यंत्रें निघालीं. वुर्लिट्झर, सीबर्ग व रॉक-ओला हे त्यांचे मोठे कारखानदार. यंत्राचा मालक तें दुसऱ्याच्या उपाहारगृहांत ठेवी, व गल्ल्याची वांटणी दोघांत होई. पांच सेंटांच्या नाण्यास एक गाणें, असा सामान्य दर असे.

ह्या व्यापारास लाखेची भूक मोठी होती. पोलादी सुई तबकडीवरून फिरतांना खांच झिजते, आणि लोकप्रिय गाणें तर दिवसांतून कितीदां तरी वाजावयाचें. शिवाय गाणीं शिळीं झालीं कीं गिऱ्हाईक नाणें टाकीत नाहीं. यामुळें यंत्रवाल्यांस नव्या तबकड्या सतत लागत, व अमेरिकेंत निघणाऱ्या तबकड्यांचे तेच सर्वांत मोठे गिऱ्हाईक बनले होते.

४. युद्ध

डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरला, आणि १९४२ च्या मध्यापर्यंत सयाम व ब्रह्मदेश येथील लाख दोस्तराष्ट्रांस मिळेनाशी झाली. हिंदुस्थानची लाख राहिली, पण ती नेण्यास जहाजें अपुरीं. त्यांतून दारूगोळा, इशाऱ्याचे बाण व लष्करी रोगण यांसाठीं लाख हवीच. एप्रिल १९४२ मध्यें अमेरिकेच्या युद्धोत्पादन मंडळानें तबकड्यांसाठीं वापरावयाच्या लाखेंत शेंकडा ७० इतकी कपात केली. त्याच वर्षीं ज्यूकबॉक्सचें उत्पादनही बंद करण्यांत आलें. धातू व प्लास्टिक यांच्या टंचाईमुळें वुर्लिट्झरच्या त्या वर्षाच्या यंत्रांत लांकडाचा वापर वाढला. रॉक-ओलाच्या कारखान्यांत लष्करी कार्बाईन बंदुका होऊं लागल्या. यंत्रवाले जुन्या यंत्रांची डागडुजी करून दिवस काढूं लागले.

आणखी एक संकट वादकांच्या संघाकडून आलें. तबकड्या व यंत्रें यांमुळें प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांची भाकर जाते, अशी तक्रार करून संघाचा अध्यक्ष पेट्रिलो यानें १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रण बंद पाडलें. एका मोठ्या कंपनीनें सप्टेंबर १९४३ मध्यें तडजोड केली. उरलेल्या दोन मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या.

नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस ह्यांतील एक प्रकरण विशेष रुचेल. निकेल युद्धास हवें म्हणून ऑक्टोबर १९४२ पासून अमेरिकेच्या पांच सेंटांच्या नाण्यांत तांबें ५६, रुपें ३५ व मँगनीज ९ टक्के असा मेळ घालण्यांत आला. आणि हा मेळ ठरवितांना नाणें घेणाऱ्या यंत्रांनीं नवें नाणें खोटें समजून परत टाकूं नये, ह्याकडे मुद्दाम लक्ष पुरविण्यांत आलें. १९४३ च्या पोलादी सेंटाचें मात्र उलट झालें. खोट्या लोखंडी चकत्या ओढून घेण्यासाठीं यंत्रांत जें लोहचुंबक असे, तें खऱ्या नाण्यासही अडवूं लागलें! आपल्याकडेही त्याच सुमारास तीच ओढाताण दिसते. १९४० मध्यें एक रुपयाची नोट चालू झाली व रुपयांतील रुप्याचें प्रमाण निम्म्यावर आलें. १९४२ पासून अर्धा आणा, आणा व दोन आणे हीं नाणीं निकेलमिश्र पितळेचीं निघालीं. १९४३ मध्यें भोंकाचा पैसा आला. नवानगर, मोरवी, बिकानेर इत्यादि संस्थानांनीं तर सुट्या नाण्यांऐवजीं पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या काढल्या. चांद्याच्या बाजारांतील भोंकाचा पैसा व अमेरिकेंतील रुप्याचा 'निकेल' हीं एकाच टंचाईचीं अपत्यें होत.

५. तबकड्यांचा संहार

नवी लाख मिळेना, तेव्हां जुन्या तबकड्यांतील लाख काढावयाची युक्ति निघाली. कंपन्यांनीं दुकानदारांकडून मोडीच्या तबकड्या मागितल्या; गिऱ्हाइकांसही नवी घेतांना जुनी परत करण्यास सांगण्यांत येई. १९४२ च्या उन्हाळ्यांत सैनिकांसाठीं म्हणून घरोघरच्या जुन्या तबकड्या गोळा करण्याची मोहीम झाली. त्या मोडींत विकून आलेल्या पैशांतून सैनिकांस नव्या तबकड्या पुरवावयाच्या, अशी योजना होती. गोळा झालेला माल दळून, त्यावर नवें गाणें छापलें जाई. युद्धकाळांतील कित्येक अमेरिकन तबकड्या खरखरीत वाजतात, त्याचें एक कारण हें मिश्रण होय.

जुनें चर्मपत्र खरडून त्यावर नवा ग्रंथ लिहिण्याची चाल युरोपांत होती. परंतु खरडलेल्या अक्षरांचा माग कधीं कधीं लागतो. दळलेल्या तबकडींतील आवाजाचा लागत नाहीं. देणाऱ्यांचा हेतु चांगला होता, आणि प्रत्येकास वाटे कीं आपल्याजवळील प्रत एकटी नव्हे. दप्तरें रद्दींत गेलीं तीं देखील ह्याच समजुतीनें.

युद्धानें लाखेचाही घात केला. १९४३ पासून अमेरिकन सैन्यासाठीं निघालेल्या 'व्ही-डिस्क' तबकड्यांत कृत्रिम द्रव्य वापरण्यांत आलें. जून १९४८ मध्यें विनाईलची दीर्घ तबकडी व १९४९ मध्यें पंचेचाळीस फेऱ्यांची लहान तबकडी आली. १९५० मध्यें सीबर्गनें ह्या लहान तबकडीचा ज्यूकबॉक्स काढला. मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतून पुढें जीं यंत्रें गाजलीं, तीं युद्धोत्तर पिढींतलीं. अशा रीतीनें लाखेचें एक मोठें गिऱ्हाईक हळूहळू गेलें. गोंदिया-गडचिरोलीच्या वनपट्ट्यांत आजही लाख निघते, पण ती रोगण, बांगड्या व औषधी गोळ्यांवरील लेप अशा कामीं जाते.

६. संग्राहकांचें कर्तव्य

ह्यावरून निष्पन्न होतें तें असें: लाखेची तबकडी हा ऐतिहासिक साधनांचाच एक प्रकार आहे, आणि तिचें वाचनही कागदासारखेंच केलें पाहिजे. लेबलावरील मजकूर हा तिचा मायना. मध्यभागीं उठलेला ध्वनिमुद्रणाचा क्रमांक हा तिचा दप्तरी अंक. एकाच गाण्याचीं दोन वेगळीं ध्वनिमुद्रणें त्याच्याच योगें ओळखतां येतात, म्हणून यादींत तो अवश्य उतरून घ्यावा. मिश्रणाचा खरखरीतपणा केवळ दोष समजून तबकडी टाकूं नये. तो काळाचा पुरावा असूं शकतो.

रक्षणाविषयीं एवढें सांगणें पुरे. लाख स्पिरिटांत विरघळते. म्हणून तबकडी असो वा लखोट्यावरील मुद्रा असो, तीस स्पिरिटाचा स्पर्श होऊं देऊं नये. तबकड्या उभ्या ठेवाव्या. आडव्या रचल्यास खालच्या वांकतात व फुटतात. ऊन व ओल दोन्हीं टाळावीं. फुटलेल्या तबकडीचे तुकडेही जपावे, कारण ते जुळवून आवाज परत मिळविणें आतां शक्य झालें आहे. आणि रुमालांच्या शोधार्थ एखाद्या वाड्यांत जाणें झाल्यास, माळ्यावरील काळ्या तबकड्यांची चौकशी त्याच भेटींत करावी. युद्धांतून त्या वांचल्या. मोडवाल्याच्या हातीं त्या आतां जाऊं नयेत.