आम्लयुक्त तेलाचे इंधन आणि सिंगापूर

पामच्या फळाला ठेच लागली की गरातले लायपेज हे विकर तेल फोडू लागते आणि ग्लिसरीनला बांधलेली मेदाम्ले सुटी होतात. म्हणून फळे शक्य तितक्या लवकर वाफवून विकर निकामी करतात. तरीही कच्च्या पामतेलाच्या व्यापारात ५ टक्क्यांपर्यंत सुटी मेदाम्ले चालवून घेतली जातात. तळणीच्या तेलात हेच काम उष्णता आणि पदार्थातले पाणी करते. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधले वापरलेले तेल असो की शेजारच्या मलेशिया-इंडोनेशियातला पामतेलाचा माल, बायोडिझेल करणाऱ्याला आधी आम्ल मोजावे लागते.

कारण साधे आहे. नेहमीच्या पद्धतीत तेल, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा ६० अंश सेल्सियसच्या आसपास घुसळतात. मिथाइल एस्टर, म्हणजे बायोडिझेल, वर राहते आणि ग्लिसरीन तळाशी बसते. पण सोड्याची गाठ आधी सुट्या आम्लाशी पडते. १ किलो ओलेइक आम्ल सुमारे १४२ ग्रॅम सोडा संपवते आणि किलोभराहून अधिक साबण तयार होतो. साबणामुळे एस्टर आणि ग्लिसरीन नीट वेगळे होत नाहीत. त्यामुळे आम्ल १ टक्क्याच्या खाली असलेले बरे.

आम्ल दोन-तीन टक्के असेल तर सोड्याने धुऊन काढता येते. साबणाबरोबर थोडे तेलही जाते, ते सोसायचे. त्याहून जास्त असेल तर आम्ल फेकून देणे परवडत नाही. अशा वेळी गंधकाम्ल आणि भरपूर मिथेनॉल घालून सुट्या आम्लाचेच एस्टर करतात. यात दर किलो आम्लामागे सुमारे ६४ ग्रॅम पाणी निघते आणि तेच अभिक्रिया अडवते. म्हणून पाणी-मिथेनॉलचा थर काढून गरजेप्रमाणे दुसरी फेरी घेतात, मग सोड्याची पायरी. मिथेनॉल वाचवायचे असेल तर २०० अंशांच्या वर ग्लिसरीनशीच आम्ल पुन्हा जोडता येते. वाट कोणतीही घ्या, युरोपीय, अमेरिकी आणि भारतीय मानकांप्रमाणे तयार बायोडिझेलचा आम्लांक ०.५० च्या पुढे जाता कामा नये.

गंधकाम्लाची ही वाट नवी नाही. ब्रसेल्स विद्यापीठातील जी. शाव्हान यांना ३१ ऑगस्ट १९३७ रोजी बेल्जियन पेटंट क्रमांक ४२२८७७ मिळाले. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात त्याची ही बहुधा पहिली नोंद. त्यांचे तेल पामचेच, अल्कोहोल मात्र इथेनॉल आणि उत्प्रेरक सोडा नव्हे, आम्ल. आम्ल उत्प्रेरक संथ असतो, पण साबण करत नाही. १९३८च्या उन्हाळ्यात ब्रसेल्स-लूव्हाँ मार्गावर या इंधनावर प्रवासी बस धावली. शाव्हान यांचे नाव इंधनाच्या इतिहासात फार कमी घेतले जाते, हा अन्यायच आहे.

सिंगापूरच्या तुआस भागात फिनलंडच्या नेस्ते कंपनीने २०१० मध्ये वर्षाला ८ लाख टनांचा कारखाना सुरू केला. २०२३ च्या विस्तारानंतर त्याची क्षमता २६ लाख टन झाली. इथे एस्टर करतच नाहीत. उच्च दाबाच्या हायड्रोजनने तेलातला ऑक्सिजन काढून टाकतात आणि डिझेलसारखे हायड्रोकार्बन मिळवतात. रेणू सुटा आहे की ग्लिसरीनला बांधलेला, याने या पद्धतीत अडत नाही. फॉस्फरस आणि धातू मात्र आधी काढावे लागतात, कारण त्यांनी उत्प्रेरक निकामी होतो.

आणि इथेच, आम्लाने भरलेला कोणता माल टाकाऊ मानून सवलतीला पात्र धरायचा, यावरून वाद उभा राहिला. पामतेल शुद्ध करताना २४० अंशांच्या वर निर्वातात वाफेने आम्ल उडवतात; थंड झाल्यावर ते पाम फॅटी अॅसिड डिस्टिलेट म्हणून गोळा होते. त्यात बहुतांश सुटी मेदाम्लेच असतात. नेस्तेच्या मते हा प्रक्रियेतला उरलेला अवशेष. पर्यावरण संघटनांचे म्हणणे असे की साबण, पशुखाद्य आणि रसायनांच्या धंद्यात त्याला आधीपासून गिऱ्हाईक आहे. ते इंधनात गेले की साबणवाला दुसरे तेल शोधणार, आणि ते बहुधा पामचेच असणार. नॉर्वेने २०१७ मध्ये आणि स्वीडनने २०१९ मध्ये या मालाला अवशेषाच्या यादीतून काढले. तो निर्णय योग्यच होता. ज्या मालाला बाजारात भाव आणि नेहमीचा ग्राहक आहे, त्याच्या नावावर टाकाऊ तेलाची सवलत देऊ नये. ती हॉकर सेंटरच्या कढईत खरोखर वापरून झालेल्या तेलालाच मिळावी.